कसर लागण्यापूर्वी
उबदार कपड्यांची साठवण आणि श्रावकाची जयणा

'होळी जळाली, थंडी पळाली' असे घरोघरी म्हटले जाते. सावदा परिसरातील थंडी मात्र एका रात्रीत पळत नाही. फाल्गुनात दुपारचे ऊन तापू लागते, तरी पहाटे केळीच्या बागांवरून येणारा गारवा अंगावर शाल घ्यायला लावतो. मग एके दिवशी घरातील ज्येष्ठ श्राविका ठरवतात, की आता पुरे. आणि स्वेटर, शाली, मफलर, कानटोप्या, रजया यांचा ढीग ओसरीवर येऊन पडतो. दोन-तीन महिने अंगाला बिलगून राहिलेले हे कपडे आता पुढील कित्येक महिने पेटीत राहणार असतात. घड्या होतात, पेटीचे झाकण उघडते आणि हात सवयीने डांबरगोळ्यांच्या पुडीकडे जातो.

त्या पुडीपाशी क्षणभर थांबावे, असे कारण आहे. ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय भांड्यात जात नाही, धान्य निवडल्याशिवाय दळायला जात नाही आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते, त्याच घरातील पेटीत एक विषारी वायू आठ महिने कोंडून ठेवला जातो. तो कशासाठी ठेवला, हे कोणी विचारत नाही. उत्तर साधे आहे. लोकरीला लागणारा जीव मरावा म्हणून! हे टाळता येते का, आणि टाळूनही शाल शाबूत राहते का, हा प्रश्न त्यामुळे गृहव्यवस्थेचा आहे, तितकाच आचारधर्माचाही आहे.

खानदेशची हवा

सावदा हे जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव. उत्तरेला सातपुड्याची रांग, दक्षिणेला तापी आणि मध्ये केळीचा काळाभोर पट्टा. भुसावळ–खंडवा लोहमार्गावरील सावदा स्थानकातून येथील केळी उत्तर भारतात जातात. आणि थंडीच्या तोंडावर लुधियानाचे स्वेटर उत्तरेकडून खानदेशच्या बाजारपेठांत येतात. व्यापारी कुटुंबांना ही देवाणघेवाण अंगवळणी पडलेली आहे.

येथील हवामान टोकाचे आहे. कडाक्याच्या थंडीत पारा 10 अंशांच्याही खाली उतरतो. तेव्हा केळीची वाढ खुंटते आणि शेतकरी रात्री बागेच्या कडेला शेकोट्या पेटवून धूर करतात. वैशाखात हाच पारा 45 अंशांपर्यंत, कधी त्याच्याही वर चढतो. त्यानंतर जून ते सप्टेंबर या काळात वर्षाच्या सुमारे 700 मिलिमीटर पावसापैकी बहुतेक पाऊस पडून जातो. म्हणजे पेटीत ठेवलेल्या शालीला तीन परीक्षा द्याव्या लागतात: आधी उन्हाळ्यातील बारीक धूळ, मग तापलेल्या स्लॅबखालची कोरडी उष्णता आणि शेवटी पावसाळ्याची दमट हवा. उष्णतेने लोकर रुक्ष होते, स्वेटरच्या मनगटाचे लवचीक धागे सैल पडतात, रेक्झीनसारख्या कापडाच्या जाकिटांचे पापुद्रे निघतात. दमट हवेत बुरशी धरते. आणि या साऱ्या काळात अंधारात, कोणाच्याही नजरेस न पडता कसर आपले काम करीत असते.

कसर म्हणजे नेमके काय?

'कसर' हा शब्द व्यापाऱ्याला परका नाही. जुन्या वह्यांत 'कसर-वटाव' हे स्वतंत्र खाते असे. हिशेबात सुटणारी, तुटणारी रक्कम त्यात जाई. कपड्यांची कसरही अशीच थोडी-थोडी तूट करीत जाते आणि वर्षअखेरीस एकदम डोळ्यांत भरते.

लोकर खाणारी मुख्य कसर म्हणजे एका लहानशा, फिकट सोनेरी पतंगाची अळी. पंख फुटलेला पतंग स्वतः काहीच खात नाही. अन्न खाण्याजोगे मुखच त्याला नसते. तो उजेड टाळतो आणि मादी अंधाऱ्या, शांत जागी, कापडाच्या घडीत सुमारे 40 ते 50 अंडी घालते. उबदार हवेत आठवड्याभरात त्यांतून अळ्या बाहेर पडतात आणि लोकर, रेशीम, पिसे यांतील केराटिनासारखी प्राणिज द्रव्ये खाऊन वाढतात. काही प्रकारच्या लहान भुंग्यांच्या अळ्याही हेच करतात. सुती गोधडी किंवा ॲक्रिलिकचा स्वेटर हे त्यांचे अन्न नव्हे. सुती कापडाला त्रास होतो तो मुख्यतः खळ खाणाऱ्या चंदेरी किड्यांचा.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. स्वच्छ लोकरीवर ही अळी नीट पोसत नाही. तिला लागणारे क्षार आणि इतर पोषक द्रव्ये घामातून, तेलाच्या डागातून, सांडलेल्या चहा-दुधातून मिळतात. म्हणूनच स्वेटरला भोके पडतात ती बहुधा गळ्यापाशी, काखेत, बाह्यांच्या टोकाशी. थोडक्यात, कसरीला आमंत्रण आपल्याच अस्वच्छतेचे असते. जैन परंपरेत पतंगाची गणना चतुरिंद्रिय जीवांत होते. आपण न धुतलेल्या शालीने त्याला बोलवावे, तेथे त्याची संतती वाढू द्यावी आणि मग डांबरगोळीने तिचा घात करावा, यात दोन वेळा दोष आहे. शाल स्वच्छ ठेवली, तर दोन्ही टळतात.

डांबरगोळीचा हिशेब

डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन. ते दगडी कोळशाच्या डांबरापासून काढले जाते, म्हणून हे नाव. घन गोळीचा थेट वायू होतो आणि तो वायू पुरेसा दाट झाला, तर अळ्या मरतात. मात्र त्यासाठी पेटी पूर्णपणे हवाबंद लागते. आपल्या घरातील कपाट किंवा दिवाण तसा नसतो. परिणामी कसरीला थांबवण्याइतका वायू आत राहत नाही आणि तो घरातील माणसांच्या श्वासात मात्र जात राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2002 मध्ये नॅप्थलीनला 'माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता' असलेल्या द्रव्यांच्या गटात घातले. त्याहून जवळचा धोका तान्ह्या बाळाला आहे. काही व्यक्तींच्या रक्तात 'जी-सिक्स-पी-डी' या विकराची जन्मजात उणीव असते. भारतातील काही समाजगटांतही ती आढळते. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात गुंडाळले, तर रक्तातील तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. आजीने जपून ठेवलेली लोकरीची शाल बाळंतिणीच्या खोलीत नेताना ही गोष्ट विसरू नये. शिवाय पांढरी शुभ्र गोळी लहान मुलाला खडीसाखरेसारखी दिसते, हे वेगळे सांगायला नको.

तीन चौमासी, तीन कामे

डांबरगोळीला पर्याय एखाद्या नव्या गोळीत नाही, वेळापत्रकात आहे. आणि ते वेळापत्रक आपल्या पंचांगात आधीपासूनच आहे. फाल्गुन, आषाढ आणि कार्तिक या तीन चौमासी वर्षाचे तीन भाग करतात. फाल्गुन चौमासीपासून अनेक घरांत पालेभाज्या आणि सुका मेवा वर्ज्य होतो, कारण ऋतू बदलला की त्यांत जीवोत्पत्ती होते. ताटाला लावलेला हा नियम पेटीलाही लावता येतो.

फाल्गुन चौमासी: ठेवण्याचे काम. प्रत्येक कपडा प्रथम मोकळ्या जागेत, सकाळच्या कोवळ्या उजेडात उलटा-सुलटा करून पाहावा. शिवणी, खिसे, कॉलरची मागची बाजू आणि मफलरच्या झालरी मऊ ब्रशाने किंवा पूंजणीने हळुवार झाडाव्यात. झाडण्याआधीच कडक उन्हात टाकू नये. एखादा जीव आत असेल, तर त्याला निघून जाण्यास आधी अवसर मिळावा.

मग धुणे. सगळेच धुवायला हवे असे नाही. पाण्याचा वापरही जयणेनेच व्हावा. एक-दोनदाच वापरलेल्या, डाग नसलेल्या शालीला झाडणे आणि हवा देणे पुरते. अंगाशी वापरलेले स्वेटर, कानटोप्या, हातमोजे मात्र धुतलेच पाहिजेत. गाळलेले साधे पाणी, रिठ्याचे किंवा सौम्य साबणाचे द्रावण घ्यावे. लोकर चोळू नये, पिळू नये आणि गरम पाण्यात घालू नये, अन्यथा ती आटते. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि खाटेवर स्वच्छ चादर पसरून तिच्यावर स्वेटर सावलीत आडवा वाळवावा. दोरीवर टांगला, तर ओल्या लोकरीच्या वजनाने तो लांबतो. पूर्ण वाळल्यावर गच्चीवर सकाळचे दोन-तीन तास ऊन द्यावे; रंगीत कपडा उलटा करून ठेवावा. ऊन दिलेला कपडा गरम असताना पेटीत घालू नये. तो थंड होऊ द्यावा, नाहीतर बंद पेटीत वाफ धरते.

घडी केलेला कपडा जुन्या, धुतलेल्या, खळ न घातलेल्या धोतराच्या किंवा मलमलीच्या फडक्यात गुंडाळावा. जड कपडे खाली, हलके वर. पेटीचे किंवा डब्याचे झाकण मात्र घट्ट बसणारे असावे. ज्या पेटीत मादी शिरूच शकत नाही, तेथे अंडी पडत नाहीत. आणि कोणताही जीव न मारता होणारे हेच सर्वांत भरवशाचे रक्षण आहे. पेटी थेट तापणाऱ्या स्लॅबखाली किंवा पावसाने ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. खाली लाकडी फळी किंवा विटा द्याव्यात.

कडुनिंबाची पाने घालण्याची जुनी रीत आहे. फाल्गुन-चैत्रात निंबाची पानगळ होते, त्यामुळे पाने तोडावीही लागत नाहीत. गळालेली, निर्जीव, खडखडीत वाळलेली पाने निवडून सुती पुरचुंडीत बांधावीत. ओली पाने घातल्यास बुरशी येते. वेखंड आणि लवंगाही वापरतात. मात्र अशा वासांची शक्ती थोडी आणि काही आठवड्यांचीच असते. मळलेल्या स्वेटरला निंबाची पुरचुंडी वाचवू शकत नाही.

आषाढ चौमासी: पाहण्याचे काम. साधू-साध्वी आपली वस्त्रे आणि उपकरणे दररोज दोन वेळा डोळ्यांनी पाहतात. हे पडिलेहण. गृहस्थाला पेटीचे पडिलेहण रोज शक्य नाही. पण चातुर्मास बसण्यापूर्वी एकदा, पर्युषणापूर्वी उघडीप मिळेल त्या दिवशी एकदा, असे दोनदा तरी व्हावे. पेटी उघडावी, घड्या मोडून दुसऱ्या रेषेवर घालाव्यात, पुरचुंड्या बदलाव्यात. हा पतंग अंधार आणि निवांतपणा शोधतो. ज्या घडीला वारंवार हात लागतो, ती जागा त्याला मानवत नाही. वस्तू घेणे आणि ठेवणे पाहून-पुसून करावे, असे आदान-निक्षेप समिती सांगते. तिचा इतका प्रत्यक्ष प्रत्यय क्वचितच कोठे येत असेल.

जगातील मोठ्या संग्रहालयांचा अनुभवही याच दिशेचा आहे. इंग्लंडमधील ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या 'इंग्लिश हेरिटेज' या संस्थेने 2017 मध्ये लोकांच्या घरांतील कसरीच्या पतंगांचा आढावा घेण्याची मोहीम काढली होती. त्यासाठी वापरलेले चिकट सापळे आपल्याला मान्य होणारे नाहीत. पण औषध फवारण्याआधी नियमित पाहणी आणि स्वच्छता, हा संग्रहालयांचा क्रम घेण्यासारखा आहे. आपल्याकडे त्याला जुने नाव आहे, इतकेच.

कार्तिक चौमासी: काढण्याचे काम. दिवाळीच्या साफसफाईत पेटी पुसली जाते आणि कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास कपडे बाहेर येतात. ते दिवसभर हवेशीर ठेवून मग वापरावेत. सामायिकाचे लोकरी आसन, चरवळ्याच्या दशा आणि साधू-साध्वींना वहोरावण्यासाठी घेऊन ठेवलेली कांबळ या वस्तूंची तपासणी विसरली जाते. लोकर म्हणून त्यांनाही कसरीचे भय तितकेच आहे. ज्या कांबळीने संयमाची साधना व्हायची, तिला विषारी गोळीचा वास येऊ नये.

कसर लागलीच असेल तर

इतके करूनही एखाद्या पेटीत भोके, जाळी आणि हालणारी अळी दिसते. येथे सोपे उत्तर नाही, आणि सोपे उत्तर असल्याचा आव आणणेही बरोबर नाही. कडक ऊन, थंडगार पेटी, औषधाचा धूर या सर्व उपायांनी कपडा वाचतो, जीव वाचत नाही.

अशा वेळी कपडा सावलीत पांढऱ्या कापडावर पसरावा, दिसणारे जीव पूंजणीने हलकेच एकत्र करावेत आणि ज्या तंतूंवर ते बसले आहेत, त्या तंतूंसह घराबाहेर, पाऊस-ऊन न लागणाऱ्या कोपऱ्यात परठवावेत. कपडा फारच खाल्ला गेला असेल, तर खाल्लेला भाग कापून तोही तेथेच ठेवावा. चार बोटे लोकरीचा लोभ धरू नये. उरलेला कपडा महिनाभर वेगळा, उजेडात ठेवून दर आठवड्याला पाहावा आणि मगच धुवावा. पेटी रिकामी करून फटी पुसून काढाव्यात. एवढ्यानेही सर्व जीव वाचतील असे नाही. नजरेला न दिसणारी अंडी धुण्यात जातीलच. त्यासाठी 'मिच्छा मि दुक्कडं' म्हणताना तो दोष धुण्याच्या दिवशी घडला असे समजू नये. तो फाल्गुनात आपण केलेल्या आळसाचा आहे. ही जाणीव राहिली, की पुढचा फाल्गुन वेगळा जातो.

दुकानातील शिल्लक माल

कापड दुकान असलेल्या कुटुंबांपुढे हाच प्रश्न मोठ्या प्रमाणात असतो. हंगाम संपला, की न विकलेले स्वेटर आणि शाली माळ्यावर किंवा गोदामात जातात. नवा माल स्वच्छ असल्याने त्याला कसर कमी लागते. धोका असतो तो अंगाला लावून पाहिलेल्या, परत आलेल्या आणि हंगामभर दर्शनी टांगलेल्या नगांचा. ते वेगळे काढून स्वच्छ करूनच ठेवावेत. गठ्ठे जमिनीपासून उंच, भिंतीपासून हातभर दूर आणि चारही बाजूंनी पाहता येतील असे रचावेत. गठ्ठ्यावर नगसंख्या आणि ठेवल्याची तारीख लिहावी. जुना माल आधी बाहेर काढावा. लोकरी आणि ॲक्रिलिक माल वेगळा ठेवला, तर पाहणीचे काम निम्म्यावर येते. गोदामात गोळ्या आणि फवाऱ्याचा उग्र वास कोंडला, तर दिवसभर तेथे वावरणाऱ्या नोकराच्या छातीत तो जातो, हेही मालकाने लक्षात घ्यावे.

पेटीचे परिमाण

व्यापाऱ्याला पडून राहिलेल्या मालाची चिंता वाटते. घरातील पडून राहिलेल्या मालाची मात्र वाटत नाही. खानदेशात खरी बोचरी थंडी मार्गशीर्ष-पौषातील काही आठवड्यांची. तेवढ्यासाठी एका माणसाला किती स्वेटर लागतात? परिग्रह-परिमाण करताना सोने, जमीन, रोकड यांचा हिशेब होतो. लोकरीच्या पेट्या त्यात येत नाहीत. वास्तविक कसर जाते ती बहुधा रोज वापरातील स्वेटरकडे नव्हे, तर तीन-तीन हिवाळे घडी न मोडलेल्या शालीकडे. जी वस्तू आपण वापरीत नाही आणि पाहतही नाही, ती आपली राहत नाही. तिचा ताबा अंधार घेतो. आणि त्या अंधारात होणाऱ्या हिंसेचे निमित्त आपण ठरतो.

म्हणून फाल्गुनात पेटी भरताना एक ढीग वेगळा काढावा: यंदा एकदाही अंगावर न आलेल्या कपड्यांचा. ते धुऊन, टाके-बटणे नीट करून, नाव लिहून वेगळे ठेवावेत आणि कार्तिकात थंडीच्या तोंडावरच द्यावेत. पहाटेच्या गारठ्यात केळीचे घड वाहणारे मजूर सावद्याच्या प्रत्येक रस्त्यावर दिसतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, पालच्या बाजूला असलेल्या तडवी आणि पावरा वस्त्यांत तर थंडी गावापेक्षा अधिक असते. थंडी सरताना दिलेल्या शालीची ऊब कोणालाच मिळत नाही. ती नुसती एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जाते.

पेटी भरून झाली, की झाकणाच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटवावा. त्यावर आत काय आहे, कोणत्या तिथीला ठेवले, पुढची पाहणी कधी, हे वहीतल्यासारखे स्वच्छ अक्षरात लिहावे. आषाढात ती पेटी उघडेल, तेव्हा आत डांबराचा उग्र वास नसेल; वाळलेल्या निंबाचा मंद, कडवट वास असेल. आणि शालीची घडी जशी घातली होती तशीच, एकही तंतू न तुटलेली, एकही जीव न दुखावलेली, हाताला लागेल.